‘मर्यादेत’

यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. तेव्हापासून सप्टेंबर लागला की आमच्या लॅबमध्ये कोलिनेस्टरेजचे नमुने वाढतात. काही कीटकनाशकं अंगात गेली की रक्तातलं हे एन्झाइम उतरतं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागलेली असते आणि फवारा वाऱ्यानं तोंडावरच येतो.

त्या दुपारी मी एक रिपोर्ट सही करून सोडला. सीरम कोलिनेस्टरेज ५८००. आमच्या किटची मर्यादा साधारण ५३०० ते १२९००. दहा मिनिटांत वॉर्डातून फोन.

“मॅडम, पेशंट घामानं निथळतोय, लाळ थांबत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणि रिपोर्ट नॉर्मल?”

पोरगा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, पण त्याचंच बरोबर होतं. म्हटलं, अ‍ॅट्रोपिन, म्हणजे विषबाधेवरचा उतारा, चालू ठेव, कागदाकडे बघू नकोस.

दोन निरोगी माणसांत हा आकडा सहज दुपटीनं वेगळा असतो. मुळात १०००० असलेला ५८०० वर घसरला तरी आमच्या कागदावर तो ठणठणीत. उलट लिव्हर बिघडलेल्या, पंपाला कधी हातही न लावलेल्या माणसाचा आकडा खाली दिसतो. कॅलिफोर्नियात असली कीटकनाशकं हाताळणाऱ्या मजुरांचं रक्त काम सुरू होण्याआधीच तपासून ठेवतात. मग प्लाझ्मातलं एन्झाइम त्या माणसाच्या मूळ आकड्याच्या ६० टक्क्यांपर्यंत किंवा लाल पेशींतलं ७० टक्क्यांपर्यंत उतरलं की कामावरून बाजूला. ८० टक्के भरल्याशिवाय परत नाही. आमच्याकडे हंगामाआधी कुणाचं रक्त घेतलंय?

“लघवी पाठवू का बाहेर?” निवासी डॉक्टरनं फोनवर विचारलं. पाठवली असती तर काय मिळालं असतं? औषध अंगात गेलं एवढा पुरावा. किती बाधलं, ते लघवी सांगत नाही. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा अंश तर नुसती भाजी खाणाऱ्या शहरातल्या माणसाच्या लघवीतही सापडतो. शिवाय या पेशंटच्या पंपात प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन या दोन कीटकनाशकांचं मिश्रण होतं. सायपरमेथ्रिन कोलिनेस्टरेजला हातच लावत नाही. नुसत्या त्यानं कुणी आजारी पडला तर माझा रिपोर्ट खरोखरच नॉर्मल येणार.

चार दिवसांनी सुट्टी झाल्यावर पेशंट स्वतःच लॅबच्या खिडकीशी आला.

“मॅडम, कागदावर तं नॉर्मल हाय मनते. मंग सोमवारी जाऊ का फवाराले?”

“नाही भाऊ. हा हंगाम पंप उचलायचा नाही. आणि दोन महिन्यांनी परत रक्त द्यायला या.”

“मंग काय निंदाले जाऊ? तिथं बायायची मजुरी भेटते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

येईल असं वाटलं नव्हतं, पण वेचणी चालू असताना एक दिवस बुडवून तो आला. आकडा १०४००. म्हणजे त्या दुपारी त्याचं एन्झाइम ४४ टक्के उतरलेलं होतं आणि मी सही केली होती. त्याला सांगितलं, “भाऊ, त्या दिवशी तुमचं जवळजवळ निम्मं झालं होतं.”

“मले तं तवाच समजलं होतं,” तो म्हणाला आणि बसची वेळ विचारून निघाला.

संध्याकाळी सप्टेंबरचं रजिस्टर काढलं. पानोपानी ‘मर्यादेत’ असा शेरा, खाली माझी सही. दुसरा नमुना एकट्या त्याचा.