रीड झिजते ते समजते, नवी रीड बिघडलेली का यावी?

माउथ ऑर्गन नियमित वाजवणाऱ्याला कधी ना कधी असे जाणवते की चौथ्या किंवा पाचव्या छिद्रातून श्वास आत ओढल्यावर येणारा सूर किंचित उतरला आहे. बाकी सारे सूर जागेवर असतात, हाच तेवढा बोचत राहतो. हा बहुधा रीडच्या (हवेने थरथरून सूर देणाऱ्या आतल्या धातूच्या पट्टीच्या) मुळाशी पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेचा परिणाम असतो.

पांढरी एकच्या (C) डायाटोनिक, म्हणजे साध्या सात सुरांच्या, माउथ ऑर्गनमध्ये दहा छिद्रे आणि वीस रीड असतात. त्यातली चौथ्या छिद्रातली रिषभाची रीड सेकंदाला सुमारे ५८७ वेळा वर-खाली होते, म्हणजे तो एकच सूर मिनिटभर धरला तर ३५,००० हून अधिक वेळा. पितळेची ती बारीक पट्टी एका टोकाला रिव्हेटने घट्ट बसवलेली असते आणि वाकण्याचा सगळा ताण त्या टोकाशी एकवटतो. तार पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवली की तुटते, तसेच इथेही होते. भेग पडली की मुळाशी ताठरपणा कमी होतो आणि सूर उतरतो. अशा वेळी टोक खरवडून सूर वर आणला तरी भेग वाढत राहते आणि सूर पुन्हा खाली येतो. जोरात फुंकणे आणि बेंड (श्वासाने सूर मुद्दाम खाली वाकवणे) ताकदीने ओढणे यांमुळे रीडचे आयुष्य आणखी घटते. पेटीच्या रीडचेही तत्त्व हेच आहे, पण तिला भात्याची कोरडी हवा मिळते, लाळ आणि ओलावा नाही, आणि कोणी तिच्यावर बेंड काढत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते.

इथवर माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. धातू थकतो, ते कोणालाच टळत नाही. जर्मनीतल्या क्लिंगेनथालची सायडेल कंपनी स्टेनलेस स्टीलच्या रीड वापरते आणि जपानी सुझुकी फॉस्फर ब्राँझच्या, ते याच प्रश्नावर शोधलेले उपाय आहेत.

माझा राग आहे तो नव्या वाद्यावर. एका नामांकित कंपनीचा, चांगली किंमत मोजून घेतलेला माउथ ऑर्गन डब्यातून काढून वाजवला, तेव्हा दुसऱ्या छिद्रात आत ओढलेला श्वास नुसताच निसटत होता आणि सूर उशिरा धरत होता. कव्हर उघडून पाहिले तर त्या रीडचे टोक, रीड जिच्यावर बसवतात त्या प्लेटपासून, हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच उभे होते. हे अंतर साधारण रीडच्या टोकाच्या जाडीइतके असावे लागते. शेजारची एक रीड खाचेच्या कडेला घासून खरखरत होती. जिभेने मधली दोन छिद्रे झाकून पहिले आणि चौथे छिद्र एकत्र फुंकले, तर एकाच सप्तकाच्या अंतरावरचे ते दोन षड्ज एकमेकांत मिसळण्याऐवजी थरथरत होते. या तिन्ही गोष्टी कारखान्यात, माणसाने एकदा कान लावून वाजवून पाहिले असते तर, काही मिनिटांत सापडल्या असत्या.

अंतर मला जुळवता येते, घासणारी रीड बारीक पात्याने मध्यावर सरकवता येते, पण नवशिक्या मुलाला हे माहीत नसते. आपल्याला श्वास जमत नाही असे समजून तो वाद्य कपाटात ठेवून देतो, आणि त्याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. दुकानदाराकडे सुटी रीडप्लेट मागितली तर तो नवे वाद्य दाखवतो. तोंडाला लागलेले वाद्य असल्यामुळे परत घेत नाहीत, ते समजण्यासारखे आहे. मग निदान विकण्यापूर्वी दुकानातल्या फुंकणीच्या भात्यावर प्रत्येक छिद्र तपासून दाखवावे आणि ज्या मॉडेलच्या रीडप्लेट कंपनी बनवते, त्या इथल्या दुकानांत ठेवाव्यात.