आमची वाटचाल : पुरातून काढलेला ऑर्गन

अण्णांनी सांगलीत पेटी-ऑर्गन दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, १९४० पासूनची. लोकांनी वेड्यात काढलं. पण ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तिथे नाटकवाल्यांचे ऑर्गन सांभाळणारं कुणी नको का, असं अण्णा म्हणायचे. भांडवल त्यांचं, हात भागीदार सुतारकाकांचा. मधली वर्षं नीट गेली.

मग ऑगस्ट २०१९. आदल्या पुराच्या अंदाजाने वाद्यं फळ्यांवर चढवून ठेवली होती. कृष्णेने फळ्याही गिळल्या. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर तीन ऑर्गन चिखलात आडवे. सरस विरघळून सगळे सांधे सुटलेले, भात्याचं कापड लोंबतंय, पट्ट्या फुगलेल्या. शाबूत होते फक्त पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणाऱ्या जिभा.

त्याच आठवड्यात परगावचे एक व्यापारी आले. "खोकी भंगारात घाला, सूर मी नेतो." मी नाही म्हटलं. तर यांनी आमच्या गिऱ्हाइकांना फोन लावले की सांगलीचं दुकान बुडालं, वाद्यं तिकडे देऊ नका. ठरलेली चार कामं गेली. आम्ही कधी कुणाच्या गिऱ्हाइकाला असा फोन केला नाही. हे मी विसरलेलो नाही.

तीनपैकी एक ऑर्गन मास्तरांचा, नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्या. अमेरिकेतल्या ब्रॅटलबरोचा, एस्टे कंपनीचा. त्यांच्या गुरूंनी एका मोडलेल्या नाटक कंपनीकडून घेतलेला. मास्तर चिखलात उभे राहिले आणि म्हणाले, "सूर आहेत ना? मग माझा ऑर्गन आहे." खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले.

अण्णांनी सायकलच्या तारेचा केलेला आकडा अजून आहे. त्यानेच एकेक सूर खाचेतून ओढला, धुतला, पेन्सिलीने नंबर घातलेल्या फळीवर क्रमाने मांडला. लाकूड सात महिने सावलीत वाळवलं. उन्हात टाकलं असतं तर तडकलं असतं. सूर लावताना जिभेच्या टोकाशी घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि जास्त घासलं की गेलाच. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, या ऑर्गनचा आत ओढतो. नुसती पेटी शिकलेला कारागीर झडपेचं चामडं उलट बसवतो आणि मग वाद्यालाच दोष देतो. भाता पूर्ण ओढून पाय काढायचा आणि आकडे मोजायचे, ही अण्णांची परीक्षा. पहिल्यांदा चारवरच हवा गेली. तीनदा चामडं बदललं, तेव्हा वीसच्या पुढे टिकली.

घरी ऑर्गन असेल तर रोज दहा मिनिटं वाजवा. सुरांना तेल लावू नका. सांध्यात फेव्हिकॉल भरू नका. सरस पुढच्या कारागिराला सोडवता येतो, फेव्हिकॉल सुटत नाही. आणि पावसाळ्याआधी आतला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, बघा, कसर तिथूनच लागते.

नांदीला मास्तरांनी सा धरला तेव्हा मी विंगेत होतो. काका खुर्चीवर बसून भात्याचाच आवाज ऐकत होते.

आता कारखाना पहिल्या मजल्यावर आहे. मास्तरांच्या घरी जागा नाही, ऑर्गन आमच्याकडेच असतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चढू लागली की त्यांचा फोन येतो, "वरच आहे ना?" मी आत जाऊन बघतो, मगच सांगतो.