कुळागराची भरपाई मागताना आलेला अनुभव

२३ जुलै २०२१ च्या पुरात म्हादईचं पाणी आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, कंबरेच्या वर चढलं होतं, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं खुद्द मुख्यमंत्र्यांनीच सांगितलेलं. नवीन लावलेल्या पोफळी, केळी, सगळं गाळाखाली गेलं.

भरपाईचा अर्ज केला तर पाणी किती आलं हे कोणी विचारलंच नाही, पहिला प्रश्न एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्याकडचा सातबारा) नाव कोणाचं. सत्तरीचं हे दुखणं जुनंच, पिढ्यानपिढ्या कसतो आपण आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. मग तलाठ्याचा दाखला, पंचनामा, शेजाऱ्यांच्या सह्या, परत झेरॉक्स. पैसे आले शेवटी, पण फक्त मेलेल्या रोपांचे. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, ती वर्षं फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, राग येतो तो याचा.

अर्जात कारण लिहायचं 'नैसर्गिक आपत्ती'. पण सगळंच नैसर्गिक आहे का? म्हणून हवामान बदलाबद्दल वाचायला लागले. शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर दोन जगं चालवतात, एक आजचं आणि एक माणसाने एवढा कार्बन सोडलाच नसता तर असतं तसं, आणि तसाच पाऊस किंवा तसाच उन्हाळा दोन्हीकडे कितीदा येतो ते मोजतात. युरोपातल्या २००३ च्या उन्हाळ्यावर २००४ मध्येच असा अभ्यास झाला, अशा उष्णतेचा धोका माणसामुळे बहुधा दुप्पट तरी झाला असं त्यात निघालं.

पेरूतल्या एका शेतकऱ्याने तर आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर २०१५ मध्ये दावाच लावला, जगाच्या उत्सर्जनात तुमचा वाटा साधारण अर्धा टक्का, तर हिमनदी वितळून भरलेल्या तळ्याच्या पुरापासून वाचायच्या खर्चातलाही तेवढाच द्या. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाम्मच्या कोर्टाने प्रदूषकांवर जबाबदारी येऊ शकते हे तत्त्व मान्य केलं, पण त्याच्या घराला असलेला धोका पुरेसा नाही म्हणून दावा फेटाळला.

हे वाचून आमचंच प्रकरण आठवलं. वरचं विज्ञान कितीही पक्कं असू दे, दावा अडतो तो आपल्या जागेच्या पुराव्यापाशी. आमच्याकडे होतं काय, तर पोफळींच्या खोडांवरचा गाळाचा पट्टा, तोही पुढच्या पावसात धुऊन गेला, नशीब भावाने टेप लावून फोटो काढलेले.

आता ग्रामसभेत मागणी केलीय, पुराची उंची आणि रोजचा पाऊस पंचायतीच्या दप्तरात नोंदवा. ठराव झालाय, पर्जन्यमापक यायचा बाकी आहे.