दोन लाइन, एक मायक्रोटिक आणि अर्धवट उघडणारं नेट

एका राउटरवर दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या की तक्रारी ठरलेल्या असतात. बँकेची साइट सारखी बाहेर फेकते. गूगल उघडतं, पण एखादं सरकारी पोर्टल नुसतं फिरत राहतं. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे एक लाइन गेली की अख्खं ऑफिस बंद. मग दुसरी लाइन घेतली कशाला?

अशा वेळी लोक दोन लाइनमधल्या वाटणीचं गणित तपासायला बसतात. दोष तिथे क्वचितच असतो. जे कनेक्शन ज्या लाइनने बाहेर पडलं, त्याचं प्रत्येक पॅकेट शेवटपर्यंत त्याच लाइनने गेलं पाहिजे. हा नियम कुठे मोडतोय तेवढंच शोधायचं.

उदाहरणाला नेहमीची मांडणी घेऊ. मायक्रोटिक कंपनीचा हेक्स हा राउटर, त्यावर तिचीच राउटरओएस ७ ही सिस्टीम. पहिली लाइन २०० एमबीपीएसची, पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्डने, डायल होणारी. दुसरी १०० ची, कंपनीच्याच राउटरमागून डीएचसीपीने, म्हणजे पत्ता आपोआप मिळवून, येणारी. वाटणी पीसीसीने, म्हणजे 'पर कनेक्शन क्लासिफायर'ने. या नावातच एक गोष्ट सांगून टाकली आहे: वाटणी कनेक्शनची होते, वेगाची बेरीज होत नाही. एका कनेक्शनवर उतरणारी फाइल २०० च्या वर जाणार नाही. स्पीडटेस्टमध्ये ३०० दिसले, तर ती टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते म्हणून.

आधी एकेक लाइन सुटी तपासा

दुसऱ्या लाइनच्या राउटरचा पत्ता बघा. जिओफायबरचा राउटर बहुधा १९२.१६८.२९.१ वर असतो, पण बाकी कितीतरी ओएनटी, म्हणजे कंपनीचे फायबरचे डबे, १९२.१६८.१.१ वरच बसलेले असतात. तुमचं लॅनही (ऑफिसमधलं नेटवर्क) १९२.१६८.१ वर असेल तर मायक्रोटिकला दोन दिशांना एकच गाव दिसतं आणि तो चुकतो. लॅन सरळ १९२.१६८.८८.० वर ठेवा किंवा ओएनटीचा पत्ता बदला.

मग नॅट, म्हणजे आतल्या खासगी पत्त्याच्या जागी लाइनचा पत्ता लावणं. ते करणारा मास्करेडचा नियम दोन्ही लाइनना लागू हवा. पीपीपीओईच्या लाइनला आउट-इंटरफेस म्हणून ईथर१ लिहिलेलं असतं, ही चूक फार वेळा दिसते. तिथे पीपीपीओई-आउट१ पाहिजे, कारण पॅकेट त्या इंटरफेसमधून बाहेर पडतं. दोन्ही नावं 'वॅन' नावाच्या इंटरफेस लिस्टमध्ये टाकून नियम लिस्टवर लिहिला की हा गोंधळ संपतो.

केबल न उपसता एक लाइन तपासायची असेल तर मँगलमध्ये (पॅकेटांवर खुणा करणाऱ्या नियमांत), स्थानिक पत्त्यांना सोडून देणाऱ्या नियमाच्या लगेच खाली, एक तात्पुरता नियम टाका: चेन प्रीराउटिंग (पॅकेट शिरताच, रस्ता ठरण्याआधी), सोर्स म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा आयपी, ॲक्शन मार्क-राउटिंग, टेबल लाइन२ (दुसऱ्या लाइनच्या रस्त्यांची यादी), पासथ्रू नो (पुढचे नियम बघू नको). आता फक्त तुमचा लॅपटॉप दुसऱ्या लाइनने जातो, बाकीच्यांचं काम चालू राहतं. ब्राउझरमध्ये आपला पब्लिक आयपी बघा, मग अडणारी साइट उघडा. इथेच अडली तर वाटणीचा संबंधच नाही.

पीपीपीओईच्या लाइनवरच काही साइट अडत असतील तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. पीपीपीओईचे ८ बाइट जातात, १५०० चे १४९२ उरतात. विंडोजवर 'पिंग', त्यापुढे पॅकेटचे तुकडे (फ्रॅगमेंट) न करण्याचा एफ आणि आकाराचा एल हे पर्याय, आकार १४६४. त्यात २८ बाइट हेडरचे मिळवले की बरोबर १४९२ होतात. १४६४ जातो आणि १४६५ अडतो, तर लाइन ठीक आहे. १४६४ सुद्धा अडत असेल तर जाईल तो आकार शोधा आणि त्यात २८ मिळवून इंटरफेसचा एमटीयू तेवढा करा. पीपीपी प्रोफाइलमध्ये 'चेंज टीसीपी एमएसएस' (पॅकेट एमटीयूत बसवणारा पर्याय) येस आहे ना, तेही बघून घ्या.

फास्टट्रॅक

माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ हेच. मायक्रोटिकच्या मूळ फायरवॉलमध्ये फॉरवर्ड चेनमध्ये, म्हणजे राउटरमधून आरपार जाणाऱ्या पॅकेटांच्या यादीत, 'फास्टट्रॅक कनेक्शन' असा नियम तयारच येतो. पक्क्या झालेल्या कनेक्शनची पॅकेट तो बहुतेक नियम टाळून झटपट पुढे पाठवतो. एका लाइनवर तो वरदान आहे, प्रोसेसरचा भार खूप कमी करतो. पण फास्टट्रॅक झालेली पॅकेट मँगलला वळसा घालून जातात. सुरुवातीच्या पॅकेटांवर 'लाइन२'चा शिक्का (मार्क) बसतो, ती दुसऱ्या लाइनने जातात, नॅटमध्ये तिचा पत्ताही मिळतो. जोडणी पक्की झाली की फास्टट्रॅक पुढची पॅकेट उचलतो. शिक्का नाही, म्हणून ती मुख्य टेबलच्या डिफॉल्ट राउटने (दुसरं काही सांगितलं नाही तर घ्यायच्या रस्त्याने) पहिल्या लाइनवर जातात, तीही दुसऱ्या लाइनचा पत्ता कपाळावर घेऊन. पहिली कंपनी असलं पॅकेट टाकून देते. पहिल्या लाइनच्या वाट्याची कनेक्शनं मात्र मस्त चालतात, कारण मुख्य टेबलही तिकडेच नेतं. म्हणून निम्म्या साइट उघडतात, निम्म्या फिरत राहतात, आणि पेज रिफ्रेश केलं की कधीकधी चालतं.

ओळखायचं कसं? आयपी, फायरवॉल, कनेक्शन्स ही यादी उघडा. दुसऱ्या लाइनचा मार्क असलेल्या ओळीपुढे एफ हे अक्षर दिसलं की चोर सापडला. तो नियम बंद करा आणि जुनी कनेक्शनं यादीतून काढून टाका, नाहीतर आधीच फास्टट्रॅक झालेली तशीच चालू राहतात आणि बदल लागू पडला नाही असं वाटतं. नियम ठेवून त्यात 'कनेक्शन मार्क: नो-मार्क' अशी अट घालता येते, पण पीसीसीमध्ये जवळपास प्रत्येक कनेक्शनवर मार्क असतो, त्यामुळे फार काही उरत नाही. ३०० एमबीपीएसचा भार हेक्सचा प्रोसेसर सहसा फास्टट्रॅकशिवाय पेलतो. गर्दीच्या वेळी सिस्टीम, रिसोर्सेसमध्ये एकदा नजर टाका.

मँगलचा क्रम

सगळ्यात वर लॅन आणि ओएनटीच्या स्थानिक पत्त्यांना ॲक्सेप्ट. मग बाहेरून येणाऱ्या नव्या कनेक्शनला, ती ज्या लाइनने आली तिचा मार्क. मग लॅनकडून येणाऱ्या, अजून मार्क नसलेल्या कनेक्शनची पीसीसीने वाटणी. शेवटी मार्क-राउटिंग: प्रीराउटिंगमध्ये लॅनच्या पॅकेटांसाठी, आउटपुटमध्ये राउटरच्या स्वतःच्या उत्तरांसाठी. कनेक्शन मार्कच्या नियमांना पासथ्रू येस हवं.

प्रीराउटिंगमधल्या मार्क-राउटिंगला 'इन-इंटरफेस: लॅन' ही अट विसरलात तर बाहेरून आलेलं उत्तर लाइनच्या टेबलात शिरतं. तिथे लॅनचा रस्ताच नसतो, फक्त डिफॉल्ट असतो. पॅकेट आल्या पावली परत. आणि राउटरओएस ७ मध्ये टेबल आधी राउटिंग, टेबल्समध्ये 'एफआयबी' या पर्यायासह तयार करावं लागतं. आवृत्ती ६ च्या सूचना जशाच्या तशा चिकटवणारे इथेच अडकतात.

पीसीसी कनेक्शनच्या पत्त्यांवरून एक आकडा काढतं, त्याला छेदाने भागतं आणि उरलेल्या बाकीवरून लाइन ठरवतं. २०० आणि १०० साठी छेद ३ ठेवा: बाकी ० आणि १ पहिल्या लाइनला, २ दुसऱ्या लाइनला. छेद २ ठेवला की लहान लाइन आधी तुंबते.

बँकेची तक्रार पीसीसीच्या प्रकारातून येते. 'बोथ ॲड्रेसेस अँड पोर्ट्स' ठेवलं की एकाच साइटची वेगवेगळी कनेक्शनं वेगवेगळ्या लाइनने जातात, बँकेला एकाच लॉगिनचे दोन आयपी दिसतात आणि ती सत्र तोडते. 'बोथ ॲड्रेसेस'ने बरंच सुटतं, पण लॉगिन एका सर्व्हरवर आणि पेमेंट दुसऱ्यावर असेल तर पुन्हा तेच. ऑफिससाठी 'सोर्स ॲड्रेस'च (फक्त पाठवणाऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता) बरा. वाटणी जरा वाकडी होते, पण एक माणूस एकाच लाइनवर राहतो आणि फोन येत नाहीत.

लाइन गेली तरी राउटरला कळत नाही

रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली, तरी तुमच्या टेबलावरचा ओएनटी चालूच असतो. 'चेक गेटवे: पिंग' त्या ओएनटीला विचारतं, तो हो म्हणतो आणि राउट जिवंत राहतो. म्हणून दूरचा पत्ता तपासायचा. ८.८.४.४ साठी पहिल्या लाइनच्या गेटवेने एक राउट, स्कोप (कोणता राउट कोणावर आधारतो ते ठरवणारा आकडा) १०. मग डिफॉल्ट राउटचा गेटवे ८.८.४.४, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग. दुसऱ्या लाइनसाठी असाच दुसरा पत्ता. मुख्य टेबल आणि दोन्ही लाइनची टेबलं, सगळीकडे हेच. पिंग दर १० सेकंदांनी जातो आणि दोन हुकले की राउट बाद होतो, म्हणजे साधारण २० सेकंद धरा.

तपासणीचे पत्ते डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून वापरू नका. त्या लाइनला खिळलेला पत्ता लाइनबरोबरच जातो, आणि दुसरी लाइन धडधाकट असूनही नावं उघडत नाहीत. डीएनएसला १.१.१.१ आणि ९.९.९.९ ठेवा, कंपन्यांचे 'यूज पीअर डीएनएस' दोन्हीकडे बंद करा. त्या ८.८.४.४ साठी जास्त डिस्टन्सचा (म्हणजे मागच्या पसंतीचा), समजा २० चा, ब्लॅकहोल राउटही (पॅकेट गिळून टाकणारा) टाका. नाहीतर पीपीपीओई पडल्यावर तपासणीचा पिंग दुसऱ्याच लाइनने जाऊन पहिली ठीक असल्याचं खोटं सांगू शकतो.

लाइन बदलली तरी आयपी फोन किंवा व्हीपीएन मेलेलेच राहतात, त्याचं कारण कनेक्शन्सच्या यादीत असतं. इंटरफेस पडलेला नसल्यामुळे जुनी नोंद जुन्या पत्त्यासह तशीच राहते, आणि उपकरण दर काही सेकंदांनी पॅकेट पाठवून तिला जिवंत ठेवतं. नेटवॉचमध्ये त्याच ८.८.४.४ वर पाळत ठेवून, डाउन झाल्यावर 'लाइन१' मार्कची कनेक्शनं काढून टाकणारी एक ओळ लिहा.

आता सीसीटीव्ही. पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून आतल्या यंत्रापर्यंतचं दार, एकाच लाइनने चालत असेल तर बाहेरून येणाऱ्या कनेक्शनचा मार्क फक्त इनपुट चेनमध्ये लावलाय का बघा. इनपुट म्हणजे राउटरसाठी आलेलं. डीव्हीआरकडे (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरकडे) जाणारं पॅकेट तिथे येतच नाही, त्याला प्रीराउटिंगमध्येच गाठावं लागतं. आणि त्या लाइनचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल तर ती कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहे, तिथे पोर्ट उघडायची खटपटच सोडा. लाइन कंपनीच्या राउटरमागे असेल तर हा आकडा त्या राउटरच्या पानावर बघा, मायक्रोटिकला खासगी पत्ताच दिसतो.

हे सगळं बरोबर असूनही एकाच लाइनवर गर्दी होत असेल तर आयपीव्ही६ तपासा. आयपीव्ही४ च्या मँगलचा त्याच्याशी काहीच संबंध नसतो. लॅनवर एकाच कंपनीचं आयपीव्ही६ पोचत असेल तर यूट्यूबसारखी जड वाहतूक मुकाट त्याच लाइनने जाते. लॅनवरची आयपीव्ही६ ची जाहिरात, म्हणजे आयपीव्ही६ मधलं एनडी, बंद करा, फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा आणि इंटरफेसवरचे आलेख पुन्हा बघा.