अळ्यांच्या व्हायरसचा तक्ता: बॅक्युलो झाले, सायपोपाशी अडलो

मंडळी, पतंग-फुलपाखरांच्या व्हायरसचा जो तक्ता करतोय त्याचं अपडेट. बॅक्युलोव्हायरसचा (किड्यांना, मुख्यतः अळ्यांना मारणारे डीएनए व्हायरस) कप्पा एकदाचा लागला. पूर्वी कसं, मायक्रोस्कोपखाली मोठे बहुकोनी स्फटिक दिसले की एनपीव्ही (न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस) आणि अगदी बारीक दाणे दिसले की जीव्ही (ग्रॅन्युलोव्हायरस), संपला विषय. 2006 मध्ये जीन्सची वंशावळ आणि यजमान किडा बघून चार गट सुचवले गेले, त्यातले अल्फा आणि बीटा पतंग-फुलपाखरांचे म्हणून आपल्या कामाचे, गॅमा सॉफ्लायचा (गांधीलमाशीच्या नात्यातली माशी), डेल्टा डासांचा. जीव्ही अख्खे बीटात गेले पण एनपीव्ही मात्र उरलेल्या तीन गटांत फुटले. नावंही बदललीत, रेशीमवाल्यांच्या ग्रासरीचा (रेशीमकिड्याचा रोग) व्हायरस आता अल्फाबॅक्युलोव्हायरस बोमोरी. मला जुनंच बरं वाटतं, पण असो.

खरी गंमत सायपोव्हायरसची, हेही अळ्यांचेच पण दुसऱ्याच कुळातले. स्फटिक सेम टू सेम एनपीव्हीसारखे, साध्या मायक्रोस्कोपखाली फसायला होतं, पण आत डीएनए नाहीच, दोनपदरी आरएनएचे तुकडे, आणि वाढतो आतड्याच्या पेशीत केंद्रकाच्या बाहेर, एनपीव्ही केंद्रकाच्या आत. दूरदूरचं नातं नाही. सायपोच्या स्फटिकाची रचना 2007 मध्ये समजली, बॅक्युलोची 2009 मध्ये, आणि प्रोटीन वेगळं असूनही रेणू रचायची पद्धत जवळपास तीच निघाली! पॉक्सवाल्यांमधले (देवीच्या व्हायरसचं कुळ) किड्यांचे एन्टोमोपॉक्सही स्फटिकात बसतात. कारण उघड आहे, अळी मेली की व्हायरसला पानावर, मातीत तग धरायचाय, आणि पुढच्या अळीच्या अल्कलाइन आतड्यात गेलं की हा डबा आपोआप विरघळतो. तरी उन्हापुढे फार टिकत नाही, म्हणून तर हरभऱ्यावर घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही (त्याच अळीचा एनपीव्ही) संध्याकाळी फवारतात, काहीजण द्रावणात नीळपण टाकतात.

म्हणून स्फटिकाचा रकाना गटवारीतून काढून बाजूला ठेवलाय, आधी डीएनए की आरएनए, मग पॉलिमरेज (व्हायरसच्या जीन्सची नक्कल करणारं प्रोटीन) वगैरे.

पुढचा नंबर टेट्राव्हायरसचा (अळ्यांचे छोटे आरएनए व्हायरस), तिथेही तोच प्रकार, कवच सारखं म्हणून एक कुटुंब होतं, पॉलिमरेज बघितल्यावर त्याची तीन झाली. अ‍ॅस्कोव्हायरस अजून बाकी, ते तोंडावाटे फारसे पसरतच नाहीत, परजीवी गांधीलमाशीच्या अंडी घालायच्या नळीवरून अळीत शिरतात आणि अळीचं रक्त दुधासारखं पांढरं करतात. कुणाकडे तशा रक्ताचे स्लाइडचे फोटो असतील तर टाका रे.