आज डबा रिकामा आला

आमच्या वरच्या खोलीत सुरगाण्याकडचा एक मुलगा भाड्याने राहतो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. चार दिवस डबा तसाच खाली येत होता. आज म्हटलं, "चल रे, सोमेश्वरला जाऊन येऊ."

गंगापूर रोड संपेपर्यंत अक्षर नाही. धबधब्यापाशी कणीस हातात आलं, तेव्हा कुठे म्हणाला, "काकू, चार विषय राहिलेत. घरी माहीत नाही." वडील दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला येतात. त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं, हाच घोर.

'त्यात काय एवढं!' अगदी तोंडाशी आलं होतं. गिळलं. (सल्ला देण्याची खाज आमच्या पिढीला जरा जास्तच.)

मग सरळ विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे ठाऊक होतं, तरी जीभ जड झाली. "नाही हो. पण झोपच येत नाही."

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिला. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

रात्री तीन पोळ्या खाल्ल्या पोराने. उद्या वडिलांना फोन करणार आहे. "काकू, तेव्हा शेजारी बसाल का?"