पाण्याच्या रेल्वेचं गाव आणि आमची जहाजाची तिकिटं

2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमचं ऑफिस म्हणजे एक टेबल होतं, तिरुपती-रामेश्वरच्या बस काढायचो, आणि त्याच उन्हाळ्यात मी बायकोला म्हणलं आता जहाजाच्या टूर काढू. ती म्हणली, आधी टँकरचा नंबर लावून या.

सुरुवात अंदमानपासून केली, ती बरी चालली. मग आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, रिटायर्ड सर आहेत, विचारलं अंटार्क्टिका जमतं का. मला तेव्हा उशुआया हे नाव धड वाचता येत नव्हतं. अर्जेंटिनाचं पार खालचं टोक, तिथून जहाज निघतं आणि ड्रेक पॅसेज, म्हणजे तिथून अंटार्क्टिकापर्यंतचा खवळलेला समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस, त्यात निम्मे लोक आडवे.

लोकांना वाटतं जहाज जेवढं मोठं तेवढी मजा. पण तिकडं टूरवाल्यांची आयाटो म्हणून संघटना आहे 1991 पासूनची, तिचा नियम, 500 च्या वर पॅसेंजर असले की एकालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही, आणि एका जागी एका वेळी 100 च माणसं. म्हणजे एवढ्या लांब जाऊन बर्फ डेकवरूनच बघायचा. म्हणून आम्ही शंभर-सव्वाशेवाल्या जहाजातच सीटा घेतो, भाव ऐकून लोकांना प्लॉट आठवतो ते वेगळं.

पहिली बॅच नऊ जणांची, 2019 चा डिसेंबर, तिकडचा उन्हाळा. एजंटनं दोघांचे व्हिसाचे पेपर अर्धवट भरले, सात गेले, दोन सीटांचा भुर्दंड आमच्यावर.

उतरायच्या आधी सगळ्यांचे जॅकेट, बॅगा, बूट तपासतात, बाहेरचं बी तिकडं जाऊ नये म्हणून. औशाच्या काकांच्या बॅगेच्या वेल्क्रोत कुसळं निघाली, त्यांच्याच रानातली असणार. गाइड पोरगी चिमट्यानं एकेक कुसळ उपसायली आणि काका मला म्हणतात, "आमच्याकडं खुरपायला येणाऱ्या बायका बी एवढं बारीक बघत नाहीत बगा." खिशातलं धपाटं पण काढून ठेवावं लागलं, खाली काहीच न्यायचं नाही खायला.

एक दिवस वाऱ्यामुळं लँडिंगच, म्हणजे किनाऱ्यावर उतरणंच, कॅन्सल झालं. एक जण म्हणले पैसे परत द्या, कागदावर जागेचं नाव आहे. त्यांचं चूक नव्हतं, मीच छापलं होतं. कुठं उतरायचं ते वारा आणि बर्फ बघून कॅप्टन आणि एक्स्पिडिशन लीडर ठरवतात, ठरलेलं पण सकाळी बदलतं. आता आम्ही जागांची नावंच छापत नाही.

मग कोरोना. दोन वर्षं झेरॉक्स मशीनवर काढली.

सध्या वर्षाला एकच बॅच नेतो. निघायच्या आधी ऑफिसात प्रॅक्टिस असते, जहाजातून किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी बोटीत चढता-उतरताना पंजा नाही धरायचा, एकमेकांचं मनगट धरायचं, ओला हात निसटतो. जुनं टेबल म्हणजे जहाज, प्लास्टिकची खुर्ची म्हणजे बोट. परवा एका काकूंना टेबलावरून उतरवत होतो तर समोरचा चहावाला आत येऊन विचारायला, "बल्ब बदलायलाव का?"